हरलेल्या मताची किंमत

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. तरी आम्हा कोरगावकरांचे प्रत्येक मत साऱ्या गोव्याच्या बेरजेत राहिले. विधानसभेत पराभूत उमेदवाराला दिलेले मत मतदारसंघाच्या वेशीवरच संपते. २०१७ साली भाजपला सुमारे साडेबत्तीस टक्के मते व १३ जागा मिळाल्या. काँग्रेसला अठ्ठावीस टक्के मते, पण १७ जागा. २०२२ मध्ये भाजपने तेहतीस टक्क्यांवर ४० पैकी २० जिंकल्या. दोष पक्षांचा नव्हे, मोजणीच्या रीतीचा. आमदार ओळखीचा, हाकेच्या अंतरावरचा हवा, हे पेडण्यातील जुन्यांचे म्हणणे मलाही पटते. म्हणून मतदारसंघ राहोत. जोडीला काही जागा मतांच्या प्रमाणात भराव्यात. विधी आयोगाने १९९९ मध्येच लोकसभेसाठी तशी शिफारस केली होती. ती अजून कागदावरच आहे.