सूचक आणि अनुमोदक

‘डिसिजन सपोर्ट सिस्टीम’ या नावात तीन शब्द आहेत. पहिला आणि तिसरा वजनदार, म्हणून लक्षात राहतात. मधला ‘सपोर्ट’ बिचारा कुणाच्या खिजगणतीत नसतो. मराठीत ‘निर्णय-साहाय्य प्रणाली’ म्हटलं तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. साध्या भाषेत सांगायचं तर माणसाला निर्णय घ्यायला मदत करणारा संगणक. मदत करणारा, निर्णय घेणारा नव्हे. हा फरक सांभाळण्यासाठी जगभरातली काही माणसं पन्नासेक वर्षं एकमेकांना भेटतायत, भांडतायत, निबंध लिहितायत. त्यांच्याबद्दल मला काही सांगायचंय, कारण त्यांचं भांडण आता आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये येऊन बसलंय.

मी मीरा रोडला, हाटकेशमध्ये राहते. एका बाजूला उद्योगनगरचे गाळे, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्या सात मजली सोसायट्या. माझी नोकरी एका गोदामाच्या ऑफिसात आहे. कुठला ट्रक आधी भरायचा हे सुचवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे आणि त्याच्यासमोर बसणारी मी. हे सॉफ्टवेअर आतून कसं विचार करतं याची उत्सुकता लागली आणि मी जुने निबंध शोधून वाचायला लागले. लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, एका हाताने कडी धरून.

त्यात एक निबंध सापडला १९५४चा. जॉर्ज डँट्झिग आणि रे फुलकर्सन या दोन अमेरिकन गणितज्ञांचा. विषय होता टँकर. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सगळा माल पोचवायचा, तर कमीत कमी किती टँकर लागतील? त्यांचे टँकर समुद्रातले, तेलाचे. हाटकेशच्या माणसाच्या डोळ्यांसमोर टँकर म्हटलं की वेगळंच काहीतरी येतं, त्यामुळे मला आधी हसू आलं. पण युक्ती सुंदर होती. एक टँकर माल उतरवून वेळेत दुसऱ्या बंदरात पोचत असेल, तर ती दोन कामं एका साखळीत जोडता येतात. सगळी कामं अशी जोडून कमीत कमी साखळ्या करायच्या. जेवढ्या साखळ्या, तेवढे टँकर.

हेच कोडं आपण रोज अंगावर घेऊन प्रवास करतो. आपल्याला विरार लोकल दिसते, रेल्वेला दिसतो रेक. विरारला रिकामा झालेला रेक थोड्या वेळात दुसरी गाडी बनून चर्चगेटकडे निघतो. पश्चिम रेल्वेच्या दिवसाला सुमारे चौदाशे फेऱ्या. प्रत्येक फेरीला रेक हवा. कुठली फेरी संपवून तो कुठली फेरी धरेल याची साखळी म्हणजे रेक लिंक. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक नारायण रंगराज, मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपनगरी गाड्यांच्या याच रेक-लिंकिंगवर २००६ साली ‘ऑपसर्च’ या नियतकालिकात निबंध लिहिला. हे नियतकालिक ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचं. ही संस्था १९५७ सालची, म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीची.

रेक लिंक हे निव्वळ गणित असतं, तर संगणकाने एका रात्रीत संपवलं असतं. पण रेकला ठराविक दिवसांनी कारशेडला जावं लागतं. बारा डब्यांच्या फेरीला पंधरा डब्यांचा रेक कुठेही लावता येत नाही, फलाट पुरायला हवा. रात्री शेवटची फेरी झाल्यावर गाडी उभी करायला जागा हवी आणि सकाळी पहिली फेरी जिथून सुटते तिथेच ती असायला हवी. यातल्या कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षं वेळापत्रक बनवणाऱ्या माणसांच्या डोक्यात असतात. त्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत.

एका कॉलेजातल्या छोट्या परिसंवादाला मी सुट्टी टाकून गेले होते, तिथे हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. एक विद्यार्थी पडद्यावर आपलं मॉडेल दाखवत होता. आलेख छान, रंग छान, दोन रेक वाचत होते. शेवटच्या रांगेतून रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हात वर केला. म्हणाले, “सगळं उत्तम आहे, बाळा. फक्त हा सतरा नंबरचा रेक रात्री कुठे उभा करू, तेवढं सांग.” हॉल हसला. विद्यार्थीही हसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं. चहाच्या वेळी दोघं एका बाकावर बसून कागदावर रेघा मारत होते.

‘संशोधकांचा समुदाय’ वगैरे म्हणतात तो मला त्या बाकावर दिसला.

या समुदायाचा इतिहास मजेशीर आहे. १९७१ साली एमआयटीतल्या अँथनी गोरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांची वर्गवारी मांडली. काही निर्णय साचेबंद असतात: माल इतका उरला की नवी ऑर्डर द्या. ते यंत्रावर सोपवता येतात. काही निर्णयांना साचाच नसतो. आणि बरेचसे मधले असतात. त्यांचा एक भाग हिशेबाचा, एक भाग माणसाच्या समजुतीचा. डिसिजन सपोर्ट सिस्टीमची खरी जागा तिथे. पुढे १९८१ साली माहिती-प्रक्रिया क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे आयएफआयपीने, या विषयासाठी वेगळा कार्यगट काढला. १९८९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावर तरुण संशोधकांची एक उन्हाळी शाळा भरली आणि तिच्यातून युरोपचा असाच एक गट जन्मला. तो आजही चालू आहे. २०१५पासून दरवर्षी त्याची परिषद भरते. शाळा संपली पण मैत्री संपली नाही, अशी ती गोष्ट आहे.

त्याच वर्षी, डिसेंबर १९८९मध्ये, मुंबईत एक परिषद भरली होती. नाव ‘नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टीम्स’, थोडक्यात केबीसीएस. तिच्यामागे जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. टीआयएफआरमधून वेगळी झालेली, एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखालची. १९८६च्या सुमाराला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने याच नावाचा प्रकल्प सुरू केला होता आणि देशातल्या निरनिराळ्या संस्थांना एकेक विषय वाटून दिला होता. एनसीएसटीने तज्ज्ञ-प्रणाली बनवण्यासाठी एक साधन तयार केलं, त्याचं नाव ‘विद्वान’. डॉक्टर, इंजिनिअर अशा जाणकाराचे ‘असं असेल तर तसं कर’ छापाचे नियम त्यात भरायचे आणि मग त्याला प्रश्न विचारायचे.

त्या काळच्या तज्ज्ञ-प्रणालींची एक गोष्ट मला फार आवडते. स्टॅनफर्डमध्ये सत्तरच्या दशकात मायसिन नावाची प्रणाली केली होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं औषध द्यावं हे ती सुचवायची. ती डॉक्टरला प्रश्न विचारायची तेव्हा डॉक्टर उलटा प्रश्न टाकू शकायचा: का? आणि तिला सांगावं लागायचं की अमुक नियम तपासतेय, म्हणून विचारतेय. आज माझ्या फोनमधल्या कुठल्याही अ‍ॅपला ‘का?’ विचारून बघा. कर्जाचा अर्ज नामंजूर झाला, का? डिलिव्हरीवाल्या पोराचा आयडी बंद झाला, का? उत्तर एकच: सिस्टीमने ठरवलंय. सत्तरच्या दशकातलं यंत्र जी नम्रता दाखवत होतं ती आजच्या अ‍ॅपमध्ये नाही.

कुणी म्हणेल, आता हिशेब इतका अचूक झालाय की कारण कशाला हवं? यावर मला लोकलचंच उदाहरण द्यावंसं वाटतं. ऑगस्ट २०२२मध्ये मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या वाढवल्या. त्या साध्या फेऱ्यांच्या जागी आल्या होत्या. कागदावर फेऱ्यांचा आकडा तोच, गाडी जास्त चांगली. कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी मात्र आंदोलन केलं आणि आठवडाभरातच त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. एसी लोकल वाईट नाही, उकाड्यात मीही तिच्याकडे आशेने बघते. पण साध्या पासवाल्याच्या दृष्टीने त्याची एक गाडी गेली. ‘फेरी’ हा एकच आकडा मोजला तर ही माणसं तक्त्यात दिसतच नाहीत. वेगळं मोजायचं ठरवलं तरच दिसतात. काय मोजायचं हा हिशेबाच्या आधीचा निर्णय असतो आणि तो कुठलंही यंत्र घेत नाही. कुणीतरी माणूसच घेतो, बहुतेक वेळा नकळत.

मोजण्याचं हे काम लोकांसोबत बसून करता येतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. मराठवाडा-विदर्भातली अनेक गावं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहेत, गावात त्याला ‘पोकरा’ म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीचा हा प्रकल्प. आयआयटी मुंबईच्या गटाने त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाचं मॉडेल केलं. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार आणि खोली, जमिनीचा उतार, वरचं पीक, हे सगळं धरून किती पाणी वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती जमिनीत मुरलं याचा अंदाज त्यातून येतो. मग पिकाला नेमकं किती कमी पडणार ते कळतं. मॉडेल सांगतं, तूट इतकी. बांध कुठे घालायचा, शेततळं करायचं की पीक बदलायचं, हे मात्र मॉडेलने एकट्याने ठरवायचं नसतं. ते गावाने आराखड्यात ठरवायचं असतं.

हे सगळं वाचत असतानाच आमच्या सोसायटीत पाण्याचा प्रश्न आला. एप्रिल महिना, दोन विंग, अठ्ठेचाळीस घरं. नळाचं पाणी पुरत नव्हतं आणि टँकरचं बिल वाढत होतं. सेक्रेटरी काका म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाली आहेस ना, काढ काहीतरी.” मी टाकीची रोजची पातळी तीन आठवडे लिहून काढली आणि एक शीट बनवली. त्यात तीन पर्याय ठेवले आणि प्रत्येकासमोर महिन्याचा खर्च. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच पाणी सोडलं, तर ते सगळ्यात स्वस्त पडत होतं.

सभेत बहुतेकांचे हात त्याच पर्यायाला वर जाणार होते. तेवढ्यात बी विंगच्या मावशी उठल्या. त्या हॉस्पिटलात रात्रपाळीला आया असतात, एकट्याच राहतात. म्हणाल्या, “मी घरी येते साडेनऊला. रात्रभर लोकांची अंगं पुसून आल्यावर मला आंघोळ नको?”

कुणी म्हणालं, पिंप भरून ठेवा. त्यावर मावशी म्हणाल्या, “कोण भरणार? नळाला पाणी येतं तेव्हा मी तिकडे असते.” मग चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा बोलला. त्याला सभेत मत नाही, पण तोही रात्रीच्या डिलिव्हरीवरून उशिरा येतो. अशी किती घरं आहेत हे तिथल्या तिथे मोजलं. सात निघाली. मी शीटमध्ये सकाळी दहा ते साडेदहा हा अर्धा तास घातला आणि खर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवला: दर घरामागे महिन्याला १८० रुपये जास्त. कुरकुर झाली. तळमजल्याचे आजोबा म्हणाले, “१८० रुपयांत कुणाची आंघोळ होत असेल तर घ्या माझे आधी.” एक-दोघांनी विरोधात मत दिलं. त्यांची कारणंही लिहून घेतली, कारण त्यांचा महिना खरंच तंग होता.

त्या संध्याकाळी शीटने तिचं काम चोख केलं, असं मला वाटतं. आकडा समोर होता म्हणून भांडण वाढलं नाही. आणि आकड्यावर सगळं थांबलं नाही, कारण समोर माणसं बसली होती. शीट मी ग्रुपवर टाकून तिथेच मतदान घेतलं असतं तर मावशी तेव्हा झोपलेल्या असत्या.

सभेचं इतिवृत्त लिहायला काकांनी वही माझ्याकडे दिली. जुन्या पद्धतीची वही, त्यात प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी ठरलेल्या: सूचक आणि अनुमोदक. निर्णय कुणी मांडला आणि त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं. उद्या कुणाला विचारायचं झालं तर नाव हजर. मी मावशींचं आणि आजोबांचं नाव लिहिलं. शीटचा उल्लेख वर, ‘सादर केलेली माहिती’ या रकान्यात केला.

मला वाटतं, मदेरा बेटावर भेटलेली पोरं, जुहूचे ‘विद्वान’वाले, पवईचे प्राध्यापक आणि शेवटच्या रांगेतले ते निवृत्त गृहस्थ, ही सगळी माणसं हा रकाना जागेवर राहावा म्हणून झटत आली आहेत. यंत्र कितीही हुशार होऊ दे, त्याचं नाव माहितीच्या रकान्यात यावं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘सिस्टीमने ठरवलंय’ असं सांगितलं, तर शांतपणे विचारा: बरं, सूचक कोण आणि अनुमोदक कोण?