रत्नागिरीला जायचे, पण सगळ्यांनी

पनवेलकराला समुद्र नवा नाही. एके काळी पनवेल स्वतःच बंदर होते. घाटावरून बैलगाड्यांनी आलेला माल इथे गलबतांत चढे आणि खाडीतून पुढे जाई. आता गलबते गेली, पण महामार्ग आणि रेल्वेमुळे पनवेल साऱ्या कोकणाचे दार झाले आहे. तरी आमच्या घरात अशीही माणसे आहेत, ज्यांनी या दारात उभे राहून आजवर दुसऱ्यांना निरोपच दिला. सहल ठरली की दादी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." मोठ्या भाभी येतात, पण त्यांच्यासोबत स्टोव्ह आणि पातेलीही येतात. इथला स्वयंपाक तिथे करायचा, एवढीच त्यांची सुट्टी.

यंदा जानेवारीत रत्नागिरीला जाण्याचा बेत आखताना आम्ही दोन गोष्टी आधीच ठरवल्या. एक, सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलाने बेत करायचा. दुसरी, तीन दिवस घरातल्या कोणत्याही बाईने चुलीपुढे उभे राहायचे नाही. बाकीचे सारे त्यावरून आपोआप ठरत गेले.

पहिला प्रश्न वाहनाचा. मोटारीने जावे तर पनवेलहून सुमारे ३०० किलोमीटर. पेण, महाड, चिपळूण करत हातखंब्याला महामार्ग सोडून शहरात उतरायचे. तरुणांना ते आवडते, पण दादींचे गुडघे इतका वेळ दुमडून राहणे कठीण. रेल्वेत पाय पसरता येतात आणि स्वच्छतागृहाची चिंता नसते. कोकणकन्या मध्यरात्री पनवेलला येते आणि उजाडण्याआधी रत्नागिरीला पोहोचवते. म्हातारे माणूस आणि लहान मुले घेऊन त्या वेळी उतरण्यापेक्षा दिवसाची मांडवी बरी. खिडकीतून नद्या, डोंगर दिसतात आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. मुलांना तेवढेच पुरे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद असली तरी खालच्या बर्थचा कोटा आहे, त्यामुळे तिकीट काढताना वय नीट भरावे. स्टेशन शहराबाहेर आहे, म्हणून रिक्षाचे दोन पैसे हिशेबात धरले.

प्रवासातल्या नमाजचाही विचार झाला. आमचे घर शाफई, तर जावई हनफी. कसर दोघांनाही आहे, पण जुहर-असर एकत्र पढण्याची मुभा आम्हाला आहे, त्यांना नाही. दुपारी उतरल्यावर आधी मुक्कामी जाऊन वजू, नमाज, मग जेवण, असा क्रम ठेवला. बारकावे ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारावेत.

मुक्काम घेताना समुद्र किती जवळ आहे, हे सगळ्यांत शेवटी विचारले. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, जेवण हलाल आहे का, हे आधी. मिरकरवाड्याच्या बंदरामुळे मासळीची चिंता नाही. तिथल्या मच्छीमारांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. फक्त जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत ताज्या मासळीची आस धरून जाऊ नये. आंबा हवा तर एप्रिल-मे, पण तेव्हाचा उकाडा म्हाताऱ्यांना सोसत नाही.

पाहण्याच्या जागा आम्ही दिवसाला दोनच ठेवल्या. भाट्याचा किनारा सपाट आहे. मागे सुरूची झाडे आहेत, तिथे सावलीत खुर्ची टाकून दादींना बसता येईल. मुलांसाठी झाडगावचे मत्स्यालय, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. रत्नदुर्गाची चढण तरुणांनी सकाळी उरकावी. तोवर बाकीच्यांनी खुशाल झोपावे.

थिबा राजवाडा मात्र सगळ्यांनी मिळून पाहायचा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्याची कबरही याच शहरात आहे. त्याच्या आधी १८५८ साली आपल्या बहादूरशाह जफरला याच इंग्रजांनी दिल्लीहून रंगूनला नेले होते. १८६२ साली तोही तिथेच मातीआड झाला. इकडचा बादशाह तिकडे, तिकडचा राजा इकडे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातले 'हद्दपार' त्या उंचावरून खाडी आणि समुद्र पाहताना जास्त कळेल. आपण ज्या देखाव्यासाठी पैसे खर्चून जातो, तोच देखावा त्या माणसाने तीस वर्षे पाहिला, पण त्याला परतीची मुभा नव्हती. राजवाड्यातल्या संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्यावा.

हे सगळे कागदावर मांडून दादींना वाचून दाखवले. त्यांनी दोन हरकती घेतल्या. घराची चावी कुणाकडे आणि कोंबड्यांना दाणे कोण टाकणार? शेजारच्या खालांनी दोन्ही कामे अंगावर घेतली. भाभींनी अजून एक पातेले बाजूला काढून ठेवले आहे, "लागलेच तर" म्हणून. ते घरीच राहील, याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घेतली आहे. सकाळचा चहा बाहेरून तेच आणणार आहेत. बेतातली हीच एक बाब अजून सिद्ध व्हायची आहे. बाकी तिकिटे निघाली आहेत आणि त्यांत यंदा, इन्शाअल्लाह, दादींचे नाव सर्वांत वर आहे.