ट्रेलरवरून आलेलं हॉस्टेल

स्टडी टूर म्हटलं की दोन दिवस साइट, चार दिवस शॉपिंग आणि परत आल्यावर एकाचा रिपोर्ट चाळीस जणांनी छापायचा, हा आपल्याकडचा रिवाज. सिंगापूरला आम्ही बी. ई. सिव्हिलवाले त्याच तयारीने निघालो होतो. पण मित्रांनो, तिथल्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत एक हॉस्टेल बघितलं, आणि हॉस्टेल हा तर आपला जिव्हाळ्याचा विषय!

नॉर्थ हिल नावाची ही १३ मजली हॉस्टेलं २०१६ मध्ये पूर्ण झाली. लांबून बघाल तर चारचौघांसारखी. पण यातल्या खोल्या जागेवर बांधलेल्याच नाहीत. स्टीलच्या सांगाड्याची आख्खी खोली कारखान्यात तयार झाली, खिडकी, वायरिंग, रंग सगळं आतच उरकलं, मग ट्रेलरवरून आणून क्रेनने एकीवर एक रचली. तिथे या पद्धतीला पीपीव्हीसी म्हणतात. आम्ही अर्धा तास बाहेरून जोड शोधत होतो. सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यात नेलं. एका रांगेत नुसती बाथरूम्स उभी होती, आणि प्रत्येकात पाणी साठवून ठेवलेलं. गळतंय का ते तिथेच तपासायचं, मगच बाहेर पाठवायचं. आमच्या विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी तिथे हात जोडले असते! टाइल्स लावणारा एक कारागीर तमिळनाडूचा निघाला. मोडक्या हिंदीत म्हणाला, पूर्वी उन्हात विसाव्या मजल्यावर काम करायचो, आता सावलीत करतो. पण हेच बाथरूम किती वेळा केलं ते विचारू नका.

हा खटाटोप कशासाठी? सिंगापूरमध्ये बांधकामावर राबणारे हात बहुतेक परदेशी, त्यात आपले भारतीयही भरपूर. ते कमी लागावेत आणि काम लवकर व्हावं म्हणून सरकारने नोव्हेंबर २०१४ पासून विक्रीला काढलेल्या काही जमिनींवर ही पद्धत सक्तीची केली. क्लेमेंट कॅनॉपी या ४० मजली जुळ्या इमारती (२०१९) आम्ही रस्त्यावरूनच पाहिल्या. उंची १४० मीटर, खोके १,८९९, तेही काँक्रीटचे! ओतले मलेशियात जोहोरमधल्या सेनाईला, फिनिशिंग सिंगापूरच्या तुआसमध्ये, आणि मग साइटवर.

खरं शिकायला मिळालं ते मात्र वेगळंच. आपल्याकडे प्लास्टर झाल्यावर मालक येतो, म्हणतो पॉइंट इकडे नको, तिकडे घ्या. इलेक्ट्रिशियन छन्नी-हातोडा घेऊन झिरी मारतो, सगळे खूश. खोक्यात ही सोय नाही. पहिला खोका ओतायच्या आधी शेवटच्या स्विचची जागा ठरलेली हवी. म्हणजे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाला आणि प्लंबर सुरुवातीलाच एका टेबलाशी बसले पाहिजेत. (आपल्याकडे ते एकमेकांच्या नावाने बोटं मोडायलाच भेटतात.)

आणि दुसरी गोष्ट, रस्ता. खोलीची रुंदी आर्किटेक्ट ठरवतो असं आम्ही चार वर्षं समजत होतो. इथे ती ट्रेलर ठरवतो. परत आल्यावर मी आपले नियम काढून बघितले. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट. त्यापुढे ओडीसीची खास परवानगी लागते. आणि आपल्या हॉस्टेलची खोली दहा बाय बारा. म्हणजे आपण दोघं-तिघं जिथे कॉटा लावून राहतो ती एवढीशी खोलीसुद्धा साध्या ट्रकवरून रस्त्याने जाऊ शकत नाही! शिवाय दोन खोके शेजारी ठेवले की मध्ये दोन भिंती, म्हणजे तेवढा कार्पेट एरिया गेला. व्हायव्हात कोणी ‘मॉड्युलरचे फायदे सांगा’ म्हणालं तर हेही सांगा. मार्क कापले गेले तर मी जबाबदार नाही.

सुट्टीत गावी गेल्यावर काकांना हे सगळं सांगितलं. काका इचलकरंजीत प्लास्टरची कामं घेतात, हाताखाली चौदा माणसं. ते आधी मनापासून हसले. “अरे, आमच्या गल्लीत वाळूचा डंपर शिरत नाही, तुझी खोली कुठनं शिरणार?” मग मोबाइलवर त्या कारखान्यातल्या बाथरूमचा फोटो मागितला. दोन बोटांनी मोठा करून भिंतीचा कोपरा बराच वेळ न्याहाळला.

“गुण्यात हाय,” म्हणाले.

फोन परत दिला, चहा संपवला, आणि उठता उठता विचारलं, “पावसाळ्यातबी काम चालतं म्हणतोस?”

“चालतं की. छपराखालीच असतं सगळं.”

काका काही बोलले नाहीत. कामावरच्या माणसांना फोन लावायला बाहेर गेले.