चीतपट वीकेंड

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एकच प्रश्न फिरत असतो. ‘वीकेंडला काय केलंस?’ कुणी अलिबागला जाऊन आलेलं असतं, कुणी रात्रभर जागून अख्खी सीरिज संपवलेली असते. मी म्हटलं, ‘कुस्त्या बघितल्या.’

‘टीव्हीवर?’

‘नाही. मुरबाडला. शेतात.’

यानंतर जो पॉझ येतो ना, तो मला आता पाठ झालाय.

तर मंडळी, कबुली देऊन टाकतो. मी कुस्तीचा फॅन आहे. क्रिकेट बघतो, पण ते लोकांशी बोलायला विषय हवा म्हणून. कुस्ती मी माझ्यासाठी बघतो. आणि या आवडीची सुरुवात लाल मातीत वगैरे झाली नाही. ती झाली शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, केबलवर. नव्वदच्या दशकात जे शाळेत होते त्यांना वेगळं सांगायला नको. डब्ल्यूडब्ल्यूएफ! अंडरटेकर मेलेला असतो आणि परत उठतो यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा देवाइतका विश्वास होता. दप्तरात ट्रम्प कार्डस् असायची. उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या फाइट्स. मधल्या सुट्टीत त्या आकड्यांवर खऱ्या मारामाऱ्या व्हायच्या.

मग एक दिवस मोठ्या भावाने निर्विकारपणे सांगितलं, ‘ते सगळं खोटं असतं रे. आधीच ठरलेलं.’ मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पुढे कळलं की यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. 1989 मध्येच कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात स्वतः सांगून टाकलं होतं की आमचा खेळ म्हणजे करमणूक, स्पर्धा नव्हे. कारण? स्पर्धा म्हटली की सरकारी आयोगाची देखरेख आली, कर आले. म्हणजे सगळ्या जगाला माहीत होतं. शहापूरच्या पाचवी ब ला सोडून.

पण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. माझा मामा.

मामाचं गाव मुरबाड तालुक्यात. (नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.) मुरबाडची जत्रा म्हटली की लोकांना म्हसा आठवतं. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा, बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या. आमची जत्रा त्यापुढे अगदीच किरकोळ. चैत्रातली, एका दिवसाची. सकाळी पालखी, दुपारी उन्हं कलली की कुस्त्या. 1998 च्या जत्रेत शेवटच्या मोठ्या कुस्तीत माझ्या चोवीस वर्षांच्या मामाने घाटावरून आलेला एक धिप्पाड पैलवान घिस्सा मारून चीतपट केला. अर्धा तास चालली होती कुस्ती. लोकांनी मामाला खांद्यावर घेतलं. डोक्याला फेटा, हातात ढाल. मी आठ वर्षांचा होतो आणि ओरडून माझा घसा बसला होता.

ही गोष्ट मी शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, प्रत्येक नव्या नोकरीत पहिल्या पार्टीला सांगितली. तुमचा अंडरटेकर खोटा, माझा मामा खरा.

यंदा बऱ्याच वर्षांनी जत्रेला गेलो. ठाण्याहून कसारा लोकल पकडून आसनगाव, तिथून चुलतभावाच्या बाइकवर किन्हवली, सरळगाव करत पुढे. एप्रिलचं ऊन, दोन्ही बाजूंना वाळलेली भातखाचरं, रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बाया. एका खाचरात नांगर फिरवून, ढेकळं फोडून, पाणी मारून आखाडा तयार केलेला. भोवती माणसांचं कडं. हलगी सुरू झालेली. माइकवरचा माणूस देणगीदारांची नावं अशा काही आवेशात वाचत होता की त्यापुढे आमचा मार्केटिंग हेड म्हणजे अगदीच मवाळ माणूस.

ज्यांनी जत्रेतली कुस्ती बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे वजनी गट नाहीत, घड्याळ नाही, गुण नाहीत. पैलवान हात वर करून कडेने फेरी मारतो. ज्याला वाटेल तो येऊन हातात हात देतो. पंच दोघांना वरपासून खालपर्यंत बघतात आणि जोड बरोबर वाटली तर इनाम पुकारतात. पाठ मातीला लागली की निकाल. नाहीच लागली तर पंच बरोबरीत सोडवतात आणि इनाम अर्धं-अर्धं. एवढाच नियम.

आता फॅन म्हटलं की मतं आली, आणि मतं आली की स्टार आले. तर आमचा निकाल पाचपैकी असा.

नारळाच्या कुस्त्या: साडेचार स्टार. सहा-सात वर्षांची पोरं. एकाची चड्डी सारखी घसरत होती, त्यामुळे त्याचा एक हात कायम बचावात गुंतलेला. तरी त्याने एका हाताने जिंकली. नारळ घेऊन तो सरळ आईकडे पळाला. दिवसभरातला सर्वात स्वच्छ निकाल. अर्धा स्टार चड्डीमुळे कापला.

कॉलेजच्या पोरांची कुस्ती: तीन स्टार. एक मॅटवर शिकलेला, दुसरा मातीतला. मॅटवाला चपळ, वाकून आत शिरायचा, पट काढायचा. दोनदा त्याने समोरच्याला खाली घेतलं आणि पंचांकडे बघितलं. मॅटवर याचे गुण मिळाले असते. इथे कोण देतंय! तो गुणांची वाट बघत असतानाच मातीतल्याने ढाक लावली आणि खेळ खलास. माझं मत विचाराल तर चूक दोघांची नाही. एकाच नावाचे हे दोन वेगळे खेळ आहेत. महाराष्ट्र केसरीत म्हणूनच माती विभाग आणि मॅट विभाग वेगळे असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात.

तिसरी कुस्ती माझ्या मामेबहिणीची. इथे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही, आधीच सांगतो.

ती चौदा वर्षांची. मामाचं शेंडेफळ. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली. पण आमच्या घरात फोटो जपून ठेवला गेला तो हरलेलीचा, कल्याणच्या वैष्णवी पाटीलचा. कल्याण म्हणजे आपलंच की! त्या महिन्यात या पोरीने मामाच्या मागे लकडा लावला. मामाने आधी ‘नाय’ म्हटलं, मग ‘बघू’ म्हटलं, मग घरामागे माती खणली.

जत्रेत मुलींची जोड लावायची म्हटल्यावर पंचांची थोडी कुजबुज झाली. शेवटी भिवंडीकडून आलेल्या एका पोरीने कंटाळून स्वतःच येऊन हात दिला. सलामी झडली. आमची पोरगी पहिल्या मिनिटात भारी होती. एकदा तर तिने समोरचीला जवळजवळ उलटवली. मी खुर्चीवर चढून ओरडत होतो. (ठाण्यात मी सोसायटीच्या मीटिंगमध्येही ओरडत नाही.) मग काय झालं कळलं नाही. समोरचीने समोरून लपेट टाकली, आणि आमची पोरगी आकाशाकडे बघत होती. जेमतेम तीन मिनिटं.

ती उठली, माती कपाळाला लावली, समोरचीचा हात वर केला आणि येऊन आमच्या दोघांच्या मध्ये बसली. एक शब्द नाही. मी भेळ आणून दिली, ती तशीच मांडीवर. मी म्हटलं, ‘अगं, काय मस्त खेळलीस!’ तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की अप्रेझलला आमच्या बॉसचे गोड शब्द ऐकताना मी कसा दिसत असेन ते मला समजलं.

मग शेवटची मोठी कुस्ती. सगळ्यात जास्त इनाम, घाटावरचे दोन पैलवान. खडाखडी झाली, माती उडाली, हलगी टिपेला गेली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकाने एकचाक लावलं, दुसरा सुटला. दुसऱ्याने कलाजंगला उचललं, पहिला सुटला. पब्लिक वेडं झालेलं. मी मनात साडेचार स्टार देऊन मोकळा झालो होतो. इतक्यात मामा शेंगदाणे सोलता सोलता बोलला, ‘नुरा हाय.’

नुरा म्हणजे ठरवलेली कुस्ती. आधी बोलणी झालेली, इनाम वाटून घ्यायचं, लोकांना वाटावं जीव तोडून खेळतायत.

‘कशावरून?’ मी विचारलं. खरं सांगतो, मला राग आला होता.

‘हात बघ. पकडलंय, पण दाबलं नाय. आणि उचलला तेव्हा वरच्यानं अंग हलकं सोडलं. खऱ्या कुस्तीत उचलणाऱ्याला माणूस नाय, भाताचं पोतं लागतं.’ दोन मिनिटांनी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मामाने टरफलं झटकली. ‘बोललो ना.’

‘तुला बरं एवढं बारीक कळतं!’

‘मी केलीय ना,’ मामा म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. आखाड्याकडे बघत, कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं. 1998 ची शेवटची कुस्ती. गावातल्या मोठ्या माणसांना शेवटचा निकाल गावच्या पोराचा हवा होता. घाटावरच्या पैलवानाशी बोलणी झाली, इनामाच्या दुप्पट पैसे ठरले. मामाला सकाळी सांगितलं. ‘खरी लागली असती तर दोन मिनटात त्यानं मला अस्मान दाखवलं असतं. मी नाय बोललो नाय. चोवीस वर्साचा होतो. फेटा पाहिजे होता.’

संध्याकाळी पंपावर अंगावरची माती धुताना तो पैलवान मामाला म्हणाला होता, तुझा घिस्सा चांगला आहे, मान कच्ची आहे. वर्षभर मेहनत कर. पुढच्या चैत्रात येतो, तेव्हा खरी करू. मग तो रात्रीच्या एसटीने गेला. मामाने वर्षभर पहाटे उठून जोर काढले, बैठका मारल्या. पुढच्या जत्रेला तो पैलवान आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामाने लंगोट सोडला.

आम्हाला लहानपणी सांगितलेलं कारण होतं, ‘गुडघा दुखायचा.’

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी ज्या कुस्तीवर पैज लावत आलो ती स्क्रिप्टेड निघाली! मामापेक्षा मला माझाच राग आला. अंडरटेकरबद्दल कळलं तेव्हा निदान मी दहा वर्षांचा होतो.

पोरगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, ‘बाबा, मग आपल्या घरातली ढाल?’

‘ढाल त्याची,’ मामा म्हणाला. ‘ठेवलीय आपल्याकडं.’

ती जरा थांबली. ‘पण मी आज खरी हरले ना?’

‘एकदम खरी.’

तिने भेळेचा पुडा उघडला आणि खायला सुरुवात केली.

परत येताना लोकलमध्ये बसल्यावर मी स्टार पुन्हा मोजले. मोठी कुस्ती: दीड स्टार, तोही कलाजंगच्या उचलीसाठी. कारण खोटी कुस्तीसुद्धा अंगात कला असल्याशिवाय करता येत नाही, हे दारासिंग आणि किंगकाँगच्या जमान्यापासून आपण मान्य केलेलं आहे. माझी तक्रार तिच्या खोटेपणाबद्दल नाही. टीव्हीवरचा अंडरटेकर मला आजही आवडतो. 2014 मध्ये रेसलमेनियात त्याची विजयाची मालिका तुटली तेव्हा मी हळहळलो होतो. तिथे मला माहीत असतं की हे नाटक आहे. शेतात बसलेल्या माणसाला ते माहीत नसतं, आणि तो खिशातली पन्नासची नोट काढून देतो. फरक तेवढाच, पण तो छोटा नाही.

खऱ्या कुस्तीत गोंधळ होत नाहीत असंही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर बंदी आली. चूकच होती ती. पण पाठ टेकली की नाही यावरून माणसाचं डोकं फिरतं, कारण त्या मातीत किंवा मॅटवर काहीतरी खरंच ठरत असतं. आमच्या पोरीची पाठ टेकली होती. तिला ते पंचांच्या आधी कळलं होतं. पाच स्टार.

तर सोमवारी कॉफी मशीनपाशी तो पॉझ संपल्यावर आमच्या टीममधली एक जण म्हणाली, ‘अरे, तुझ्या मामाची ती गोष्ट सांग ना. या नवीन मुलांनी ऐकली नाहीये.’

क्षणभर वाटलं, जुनीच सांगावी. सगळ्यांना आवडते, मलाही तोंडपाठ आहे. घिस्सा, खांद्यावर मिरवणूक, फेटा, ढाल.

मी पूर्ण सांगितली. पंपापर्यंत, एसटीपर्यंत, पुढच्या चैत्रापर्यंत. यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका नव्या मुलाने तेवढं विचारलं, ‘मग तो परत का नसेल आला?’

इतक्या वर्षांत त्या हरलेल्या माणसाबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी मामाला फोन केला तर तो घरामागे होता. पोरीकडून मानेची मेहनत करून घेत होता.