बार्शी लाईटच्या वाटेने

माझे आजोबा लातूरहून हैदराबादला शिकायला आले, तेव्हा लातूर निजामाच्याच राज्यात होतं. तरी आपल्या राजधानीला पोचायला त्यांना आधी इंग्रजी मुलखात जावं लागे. बार्शी लाईट या छोट्या रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने सोलापूरवरून वाडी आणि वाडीला निजामाची गाडी. हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या घरात हा प्रवास मी इतक्यांदा ऐकलाय, की ती वाट स्वतः चालून पाहायची ओढ कधी मिटली नाही.

यंदा दसऱ्यानंतर येडशीला उतरलो. नवी ब्रॉडगेज इथून धाराशिवला वळसा घालून कळंब रोडला येते. छोटी लाईन धाराशिवला जातच नव्हती, येडशीहून सरळ तडवळ्याकडे निघायची. हाच तुकडा आता ओसाड आहे. रूळ, स्लीपर काही नाही. पण सोयाबीनच्या रानातून एक लांब, सरळ भराव निघतो आणि अशी सरळ रेघ शेताचा बांध कधी धरत नाही. काही ठिकाणी त्याची गाडीवाट झाली आहे, काही ठिकाणी नांगर फिरलाय.

एका ओघळावर घडीव दगडांची मोरी सापडली. बाभळी बाजूला सारून खाली उतरलो, सांध्यांवरून हात फिरवला. जवळच्या वस्तीवरचे एक आजोबा म्हणाले, "लई पावसाळे झाले बघा, पर ह्यातला एक दगड हलला न्हाई."

ही लाईन कशी होती, हे तिची आखणी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या कामाकडे पाहिलं की कळतं. रूळ अवघे अडीच फुटांच्या अंतरावर. हलक्या रुळांवर जड माल न्यायचा म्हणून त्याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर ठेवला आणि इंजिनाचं, वाघिणींचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली, १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला भिडलं. कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी या गाडीने वाहिले. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. कुर्डुवाडी ते लातूर रुंदीकरण २००८ मध्ये पुरं झालं. रुंदीकरण हवंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती याच मार्गाच्या रुंद झालेल्या रुळांवरून.

संध्याकाळी तडवळ्याला पोचलो. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या एका परिषदेला आले होते. निजामाच्या राज्यातलं हे आडबाजूचं गाव त्या काळी रेल्वेवर होतं, ही गोष्ट लहान नव्हे.

या भागातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना घेऊन एकदा हा भराव चाला. प्रत्येक मोरी मोजा, फोटो काढा, गावाच्या नकाशावर मांडा आणि ती यादी ग्रामपंचायतीत द्या. भरावाची माती आणि मोऱ्यांचे दगड अजून जागेवर आहेत, तोवरच हे काम होईल.