दवाखान्याचे प्रगतिपुस्तक

सरकारी दवाखान्याला नावे ठेवायला गावचा पार पुरतो. तिथे सगळेच बोलतात आणि बोललेले पारावरच राहते. ते डॉक्टरसाहेबांपर्यंत पोचावे आणि पोचून काही हलावे, यासाठीची एक खटपट आमच्या धाराशिव जिल्ह्याने, तेव्हाच्या उस्मानाबादने, पाहिली आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि आमचा अशा पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. नाव जड, काम साधे. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यसेवेला गुण द्यायचे.

मी तेव्हा गावच्या आरोग्य समितीत होते. तक्त्यावर गुणांऐवजी रंग भरायचे. सेवा चांगली तर हिरवा, मध्यम तर पिवळा, वाईट तर लाल. मला ही युक्ती फार आवडली. अंगठा उठवणाऱ्या आजीलाही लाल रंग वाचता येतो!

पहिल्या बैठकीत "दवाखाना कसा आहे?" असे विचारले, तर बाया म्हणाल्या, "बरा हाय की." नर्सबाई शेजारीच बसलेल्या. उद्या लेकराला टोचून घ्यायला त्यांच्याकडेच जायचे, मग वाईट कोण बोलणार? पुढच्या खेपेला बाया वेगळ्या बसल्या आणि प्रश्नही बदलला. गेल्या महिन्यात नर्सबाई किती वेळा आल्या? बाहेरून औषध आणायची चिठ्ठी कुणाला दिली, पैसे किती गेले? संध्याकाळी डॉक्टर भेटले का?

आता तोंडे उघडली. संध्याकाळची वेळ फलकावर रंगवलेली, पण दाराला कुलूप. सकाळी खुरपणीला गेलेल्या बाईला दवाखाना संध्याकाळीच सोयीचा. नाहीतर एक रोज बुडवायचा किंवा दुखणे अंगावर काढायचे. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात, पायांवर सूज असताना, तीन संध्याकाळी ते कुलूप पाहून परतली होती. पोटुशीच्या अंगावर सूज आली की रक्तदाब तपासायलाच हवा. तो तपासला गेला नाही. शेवटी रात्री जीप करून तालुक्याला न्यावे लागले. बाळ-बाळंतीण वाचली, पण त्यात एक बैल विकावा लागला.

पुढे अधिकाऱ्यांसमोर जनसुनवाई झाली. जाऊबाई तान्हे घेऊन उभी राहिली. डॉक्टर वाईट आहेत असे ती एकदाही म्हणाली नाही. तीन तारखा सांगितल्या आणि खाली बसली. तारखांपुढे काय बोलणार? महिन्याच्या आत संध्याकाळचे दार उघडू लागले.

त्याच सुनवाईत नर्सबाईही बोलल्या. उपकेंद्राच्या खोलीत पाणी नाही, छत गळते, मुक्काम करायचा कसा? हा लाल रंग ग्रामपंचायतीच्या वाट्याचा होता. सरपंचांना ते रुचले नाही, पण नळ मात्र आला. आरोग्य समितीसाठी वर्षाकाठी १०,००० रुपयांचा निधी ठरलेला होता. तो कशावर खर्च होतो, हेही बायांनी तेव्हाच प्रथम विचारले. वाचक भगिनींनो, तक्ता असो वा नसो, हा प्रश्न तुम्हालाही ग्रामसभेत विचारता येतो.

सगळेच सुधारले असे नाही. बाई डॉक्टर द्या, असे आम्ही तीन सुनवायांत मागितले. ती जागा भरणे आमच्या डॉक्टरांच्या हाती नव्हते आणि वरून उत्तर आले नाही. तक्त्यावरचा तेवढा चौकोन लालच राहिला.