लोणच्याच्या बेटावर

एखाद्या खेळाचे नाव ‘लोणचे-चेंडू’ असावे, ही गोष्ट मराठी मनाला पटायला जरा जडच जाते. ‘पिकल’ म्हणजे लोणचे आणि ‘बॉल’ म्हणजे चेंडू, एवढे इंग्रजी आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही येते. पण पिकलबॉल ह्या खेळात ना बरणी, ना मोहरीची डाळ, ना खाराचा वास. आहे तो एक भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू, टेबल टेनिसच्या फळीची थोरली बहीण शोभेल असे एक पॅडल आणि कमरेइतकी उंच जाळी. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी ह्या शतकाच्या पहिल्या दशकात तो आपल्याकडे आणला, आणि आता मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतूनही त्याची टकटक ऐकू येते. मात्र तो जन्मला कुठे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहरासमोर बेनब्रिज नावाचे एक बेट आहे. तिथे.

ह्या बेटावर जाण्याचा योग मला गेल्या मे महिन्यात आला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तीन वर्षांपूर्वी दाजी गेल्यापासून आपल्या मुलाकडे तिथे राहते आहे. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकवून निवृत्त झालेली ही बाई; तिचे सांगलीतले घर तेव्हापासून कुलूपबंद. निघताना दादांनी मला बजावले होते, “बंद घराला वाळवी लागते. गिऱ्हाईक दारात येऊन बसलंय. अक्काला म्हणावं, एक तर परत ये, नाही तर घराचा काय तो निकाल लाव. पण उत्तर घेतल्याशिवाय येऊ नकोस.” सामानात मेतकूट होते, भडंग होते, कुरडया होत्या, पण सर्वांत जड ओझे होते ते ह्या निरोपाचे.

सिएटलच्या धक्क्यावरून मोठी थोरली फेरीबोट सुटते. तिच्या पोटात मोटारी आणि माथ्यावर माणसे. पस्तीस मिनिटांचा प्रवास. समोर ऑलिंपिक पर्वताच्या बर्फाळ रांगा, आणि आकाश निरभ्र असेल तर आग्नेयेला चौदा हजार फुटांहून उंच असा रेनियर पर्वत, ढगांवर नुसता ठेवून दिल्यासारखा. ह्या बोटीची एक रीत मला फार आवडली. पायी जाणाऱ्या उतारूने तिकीट काढायचे ते सिएटलहून बेटावर जातानाच. बेटावरून परतताना त्याला कोणी पैसे मागत नाही. परतणाराला फुकट सोडणारे सरकार मी प्रथमच पाहिले.

बेटाची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. देवदाराच्या जातीची उंच झाडे, त्यांतून वळणे घेत जाणारे रस्ते, आणि मे महिना असल्यामुळे जागोजागी ऱ्होडोडेंड्रॉनची गुलाबी फुले. धक्क्यावर अक्का उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात सलवार-कमीज, त्यावर नातवाचा असावा असा स्वेटर, आणि खांद्याला अडकवलेल्या पिशवीतून डोकावणारे पॅडल. “चल,” ती म्हणाली, “सामान घरी टाकू आणि मैदानावर जाऊ. साडेआठपर्यंत उजेड असतो.”

आता थोडा इतिहास. १९६५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. जोएल प्रिचर्ड नावाचे एक राजकारणी (पुढे ते अमेरिकन संसदेत गेले आणि नंतर राज्याचे उपराज्यपालही झाले) आणि त्यांचे स्नेही बिल बेल हे गोल्फ खेळून बेटावरच्या घरी परतले, तो घरातली मंडळी कंटाळून बसलेली. सुटीत घरातली पोरे “काय करू, काय करू” म्हणून जीव खातात, हा अनुभव सर्व देशांत सारखाच असावा. आवारात बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण पुरते साहित्य हाती लागेना. मग टेबल टेनिसच्या फळ्या आणि एक भोकांचा चेंडू ह्यांवर भागवून घेतले. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होती. चेंडू जमिनीवर बरा उसळतो असे दिसल्यावर ती खाली, छत्तीस इंचांवर आणली. बार्नी मॅकॅलम हे तिसरे स्नेही मागाहून येऊन मिळाले, त्यांनी प्लायवूडची पॅडले कापून दिली, आणि खेळ उभा राहिला. नावाबद्दल दोन मते आहेत. प्रिचर्डबाईंचे म्हणणे असे, की नौकाशर्यतीत इतर नावांतून उरलेल्या वल्हेकऱ्यांची जी नाव असते तिला ‘पिकल बोट’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. कारण हा खेळही असाच उरल्यासुरल्यातून झालेला. दुसरे मत असे, की घरातल्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून आले. कुत्रा मागाहून आला, असे घरचे सांगतात. २०२२ साली वॉशिंग्टनने ह्या खेळाला आपला अधिकृत राज्यखेळ म्हणून मान्यता दिली.

पुणेकर वाचकांनी इथे कान टवकारावेत. पिकलबॉलचे मैदान आजही बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. आणि बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्याला नियमांत बसवले. तेव्हा ह्या बेटावरच्या त्या आवारात पुण्याची थोडी माती आधीच पडलेली होती, असे म्हणायला हरकत नसावी.

अक्काचा अड्डा बॅटल पॉइंट नावाच्या उद्यानात असतो. एके काळी इथे अमेरिकन नौदलाचे रेडिओ केंद्र होते. आता हिरवळ, तळे, एक वेधशाळा आणि पिकलबॉलची मैदाने आहेत. अक्काचे सवंगडी म्हणजे एक निवृत्त नर्सबाई, एक बोटीवरचे जुने यंत्रज्ञ आणि जपानी वंशाच्या एक आजी. कोणी कोणाचे घरदार विचारीत नाही. सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे: आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. सांगलीच्या वर्गात घुमणारा अक्काचा तो खणखणीत आवाज तीन वर्षांनी माझ्या कानी पडला, तो इंग्रजीत आकडे म्हणताना.

जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा एक पट्टा असतो. त्याला चक्क ‘किचन’ म्हणतात. त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. आधी त्याचा टप्पा पडला तर आत जायला मोकळीक. मारण्याच्या भरात तोल जाऊन पाय आत पडला तरी डाव गेला. हा नियम ऐकताच मला आमच्या आजीचे सोवळे आठवले. तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही आम्ही असेच अंग सावरून, बोटांवर उभे असायचो.

ह्या उंबऱ्यांवर दोन्ही जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. मध्ये अंतर अवघे चौदा फूट. मग ह्या स्वयंपाकघरातून त्या स्वयंपाकघरात हलके हलके चेंडू टाकण्याची देवघेव चालते. त्या हलक्या फटक्याचे नाव ‘डिंक’. लाडवांचा मुळीच नव्हे. पण चिवटपणात तसाच. देवघेव चालता चालता एखादा चेंडू डाव्या अंगाला, गुडघा आणि कंबर ह्यांच्या मधोमध जरासा रेंगाळतो. त्याला टप्पा पडायच्या आत उलट्या हाताने झटकून समोरच्याच्या अंगावर धाडायचा, हा ‘बॅकहँड फ्लिक’. टेबल टेनिसमधून आलेला हा फटका अक्काला गेल्या हिवाळ्यात साधला होता, आणि धाकट्या भावाला तो शिकवल्याशिवाय परत धाडायचे नाही असा तिने पण केला होता.

“हातोडी धरतोस तसं पॅडल धर. पण सैल. कुणी ओढलं तर निसटेल इतकं सैल. आता कोपर अंगाच्या पुढे. मनगट आत, आपल्याकडे वळव. पॅडलचं टोक जमिनीकडे. आणि आता, न्हाणीघरातून बाहेर येताना ओल्या हाताचं पाणी कसं झटकतोस? तसं.”

चेंडू जाळीपेक्षा खाली असतो, हीच खरी अडचण. सरळ ठोकला तर तो जाळीत जातो आणि उचलून ठोकला तर मैदानाबाहेर. म्हणून पॅडल त्याच्या पाठीवरून खालून वर घासत न्यायचे, म्हणजे चेंडू पुढच्या बाजूला गिरकी घेतो, जाळी ओलांडतो आणि पलीकडे डुबकी मारतो. पहिल्या दिवशी हे सारे मला व्याकरणासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मनगट ठणकू लागले. अक्काने ते दाबून पाहिले आणि म्हणाली, “सगळं मनगटानं करायला जातोस. मनगट म्हणजे फोडणी रे! भाजी आधी कोपरानं आणि खांद्यानं शिजवायची, फोडणी शेवटी, चमचाभर.”

तिसऱ्या दिवशी पहिला फटका लागला. हाताला काही जाणवलेच नाही, फक्त आवाज निराळा आला. यंत्रज्ञकाकांच्या उजव्या खांद्याकडे चेंडू गेला, आणि तिथे पॅडल वळवायला त्यांना सवड मिळाली नाही. तिघांनीही पॅडलवर पॅडल आपटून माझे कौतुक केले. मी पुढचा प्रत्येक चेंडू झटकू लागलो. तेव्हा अक्काने खेळ थांबवला.

“गुडघ्याच्या खाली आलेला चेंडू झटकायचा नाही. तो मुकाट्यानं परत टाकायचा आणि पुढच्याची वाट पाहायची. दहांतले आठ असेच सोडायचे असतात.”

चौथ्या दिवशी पाऊस होता. जपानी आजींनी अक्काला पूर्वी एकदा दाखवलेली जागा तिने मला दाखवली. ईगल हार्बरच्या काठी, जुन्या धक्क्याजवळ, लाकडाची एक लांब वळणदार भिंत आहे: २७६ फूट. त्या काळी बेटावर जपानी वंशाची जेवढी माणसे होती, तेवढे फूट. ह्या लोकांनी इथे स्ट्रॉबेरीची शेते पिकवली होती. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर, ३० मार्च १९४२ रोजी, त्यांतल्या २२७ जणांना बंदुकांच्या पहाऱ्यात ह्याच धक्क्यावरून नेले आणि छावण्यांत डांबले. सहा दिवसांची मुदत; हातात मावेल तेवढेच सामान. ‘निदोतो नाइ योनि’, म्हणजे ‘पुन्हा असे न घडो’, हे ह्या स्मारकाचे ब्रीद. युद्धानंतर बरेच जण परत आले, काही कधीच आले नाहीत.

भिंतीवरच्या नावांवरून पाणी ओघळत होते. मी दादांचा निरोप तिथेच सांगितला. अक्का बराच वेळ काही बोलली नाही.

“ह्या लोकांना धाडलं,” ती शेवटी म्हणाली. “मला कुणी धाडलेलं नाही, बाळ. आले ती मी आले, जाईन ती मी जाईन. ‘हे’ गेले तेव्हा त्या घरात भांडं वाजलं तरी दचकायची. इथं आले तर सून-मुलगा दिवसभर बाहेर, नातू शाळेत, आणि मी खिडकीत. पहिले आठ महिने कुणाशी चार शब्द नाहीत. मग ही माणसं भेटली. त्यांना माझं काही माहीत नाही. मी कुणाची विधवा नाही, कुणाची आई नाही. डाव्या बाजूला उभी राहणारी बाई, एवढंच.”

“मग घर?”

“घर विकायचं नाही. दादांना म्हणावं, गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावा. मी दिवाळीला येते आणि होळीपर्यंत राहते, उन्हाळा इथं. आणि एक कर. मागचं परस मोजून घे. चव्वेचाळीस बाय वीस. आळीतल्या चार जणी घरात बसून गुडघे चोळताहेत, मला ठाऊक आहेत त्या.”

हा निरोप दादांना जसाच्या तसा सांगताना मला बरीच धास्ती होती. दादा ऐकत राहिले. “म्हणजे विकायचं नाही,” एवढेच म्हणाले, आणि दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फीत घेऊन परसात उभे होते. लांबी भरली. रुंदीला दीड फूट कमी पडले, आणि उजव्या अंगाला, ऐन किचनच्या रेषेवर, दाजींनी लावलेला पेरू आला. फोनवरून अक्काला विचारले.

“झाडाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “ते आमच्या बाजूनं खेळेल.”

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अक्का सांगलीत असेल. कुलूप निघाले आहे, दारे-खिडक्यांना तेलपाणी झाले आहे, वाळवीने फक्त माजघरातले एक फडताळ खाल्ले आहे. दादांनी चुन्याची गोणी आणून ओसरीवर ठेवली आहे, आणि रोज संध्याकाळी, कोणी पाहत नाही असे वाटले म्हणजे, ते ओल्या हाताचे पाणी झटकतात.